स्पोर्ट्स बाइकचे नवे टायर निवडण्याआधी जुना टायर वाचा

नवे टायर कोणते घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी त्यांच्या गाडीचा जुना मागचा टायर बघायला मागते. कंपनी, मॉडेल, किंमत सगळं नंतर. गाडी कशी चालवता हे तुम्ही तोंडाने काहीही सांगाल, पण टायर खरं ते सांगतो, आणि नवा टायर त्या खऱ्या चालवण्यासाठीच घ्यायचा असतो.

गाडी स्टँडवर घ्या, म्हणजे मागचं चाक मोकळं फिरेल. मग खाली बसा, डोळे चाकाच्या उंचीला आणा आणि बॅटरीचा उजेड तिरका मारून मागून बघा. नव्या टायरची गोलाई एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग असते. हायवेवर सरळ पळालेल्या टायरचा मधला पट्टा सपाट होतो आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवलं की एक कंगोरा हाताला लागतो. वळणात गाडी झोपवताना ती आधी ऐकत नाही आणि मग एकदम आत पडते, ती या कंगोऱ्यामुळे. अनेक जण यासाठी सस्पेन्शनची सेटिंग बदलत बसतात. खरं तर टायर संपलेला असतो.

पुढचा टायर वेगळ्या पद्धतीने झिजतो. त्याची झीज बहुधा मधोमध नसते, माथ्याच्या थोडी बाजूला दोन्हीकडे होते, आणि टायर समोरून बघितला तर उतरत्या छपरासारखा दिसायला लागतो. त्यावर तळवा फिरवून बघा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने खरखरीत लागला, तर खाचांची एक कड जास्त झिजली आहे. ब्रेक लावणाऱ्या चाकावर थोडं तसं होणारच. पण हाताला धारच लागत असेल, तर हवा कमी राहते आहे किंवा फोर्कचं (पुढचं चाक धरणाऱ्या सस्पेन्शनचं) डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरण्याची ताकद, थकलं आहे. तो दोष तसाच ठेवून नवा टायर चढवलात तर त्याचीही तीच गत होईल.

कडेला न घासलेली पट्टी राहिली म्हणून रस्त्यावर गाडी आणखी झोपवू पाहणारी मुलं मी बघते आणि मला त्यांची मनापासून काळजी वाटते. वळणात अचानक वाळू दिसली, समोरचा आपल्या बाजूला आला, तर वळण आणखी घट्ट करायला जी जागा लागते ती या पट्टीत शिल्लक असते. ती पुरी घासायची हौस असेल तर ट्रॅकवर जा.

टायर संपला कधी म्हणायचा? साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, टीडब्ल्यूआय (TWI, झिजेची खूण) अशी अक्षरं शोधा. त्यांच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी एक बारीक उंचवटा असतो. मोटरसायकलच्या टायरवर तो बहुधा ०.८ मिलिमीटरचा असतो, काही देशांत कायद्याची मर्यादा याहून कडक आहे. नक्षी त्या पातळीला आली की टायर बाद. पावसात चालवणार असाल तर तिथपर्यंत थांबू नका, कारण पाणी बाहेर टाकायला खाचेत जागाच उरलेली नसते.

आता निवडीकडे. माझ्या मते इथे खरा प्रश्न एकच आहे: तुमच्या चालवण्याने टायर किती तापणार? रबर ठरावीक तापमानाच्या पट्ट्यातच नीट धरतं. रेसच्या स्लिक (बिनखाचांच्या) टायरना ट्रॅकवर उतरण्याआधी इलेक्ट्रिक ब्लँकेट गुंडाळून साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि पुढे जोराचे ब्रेक, जोराचा थ्रॉटल आणि खोल झोपवणं यांनी ती उष्णता टिकून राहते. रस्त्यावर यातलं काहीच सलग होत नाही. सिग्नलला थांबलात, सरळ रस्त्यावर एका वेगाने निघालात, वरून पाऊस आला, की टायर निवतो. निवलेला ट्रॅकचा टायर साध्या टूरिंग, म्हणजे लांब प्रवासाच्या, टायरपेक्षाही कमी धरतो. ‘रेसचा आहे म्हणजे जास्त पकड’ हा हिशेब सार्वजनिक रस्त्यावर धोकादायक आहे.

म्हणून ऑफिस, हायवे, सुट्टीला घाट आणि अधूनमधून पाऊस असा ज्यांचा वापर आहे, त्यांना मी स्पोर्ट टूरिंग टायर सुचवते, गाडी लिटरची (१००० सीसीची) असली तरी. मिशेलिन रोड ६, मेत्झलर रोडटेक ०१, पिरेली एंजल जीटी २, ब्रिजस्टोन टी३२ हे या जातीचे. यांच्या रबरात सिलिकाचं प्रमाण चांगलं असतं, त्यामुळे थंड आणि ओल्या रस्त्यावरही ते लवकर धरतात. आजच्या स्पोर्ट टूरिंग टायरवर कोरड्या रस्त्यात गाडी जितकी झोपते, तितकी झोपवायची शहाण्या माणसाला रस्त्यावर गरज पडत नाही.

हायवे कमी, वळणं जास्त आणि वर्षातून काही वेळा ट्रॅक, असं असेल तर एक पायरी वर जा: पिरेली डायब्लो रोसो ४, मिशेलिन पॉवर ६, ब्रिजस्टोन एस२३, कॉन्टिनेंटल स्पोर्टअटॅक ४. हे लवकर झिजतात, पण गाडी हलकी वळते आणि पुढच्या चाकाखाली काय चाललंय ते हँडलवर स्पष्ट कळतं. त्याच्या वर पिरेली सुपरकोर्सा, मिशेलिन पॉवर कप यांसारखे टायर येतात. इथे अक्षरं नीट वाचा. सुपरकोर्सामध्ये एसपी रस्त्यासाठी आणि एससी ट्रॅकसाठी, आणि एससीपुढचा आकडा जितका लहान तितकं रबर मऊ. नाव एकच, पण माल पूर्ण वेगळा. घाईत ऑर्डर करताना हे दोन हमखास एकमेकांच्या जागी जातात.

बऱ्याच मागच्या टायरमध्ये मधला पट्टा कडक आणि कडा मऊ अशी दोन कम्पाउंड, म्हणजे रबराची मिश्रणं, असतात. सरळ रस्त्यावर पुष्कळ पळणाऱ्यांनी हे नक्की बघावं, कारण तुमचा टायर मध्येच मरतो. कॉन्टिनेंटल हेच काम एकाच कम्पाउंडवर करते. टायर भाजताना मध्ये आणि कडेला वेगळं तापमान ठेवलं जातं, त्यामुळे कडकपणा हळूहळू बदलत जातो आणि कुठे जोड येत नाही.

आता माप. साइडवॉलवर १८०/५५ झेडआर १७ एम/सी (७३डब्ल्यू) असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८० ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ५५ टक्के, झेड हे जास्त वेगाचं चिन्ह, आर म्हणजे रेडियल (आतल्या धाग्यांच्या मांडणीचा एक प्रकार), १७ हा इंचांमध्ये रिमचा व्यास, एम/सी म्हणजे मोटरसायकलचा टायर. ७३ हा टायर पेलू शकेल त्या वजनाचा सांकेतिक आकडा, त्याचा अर्थ ३६५ किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर, आणि तो कंसात असेल तर त्याहूनही वर. पुढच्या १२०/७० वर बहुतेक ५८ असतं, म्हणजे २३६ किलो. व्ही म्हणजे २४० आणि एच म्हणजे २१०. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या वजनाच्या आणि वेगाच्या श्रेणीखाली कधीही जाऊ नका. ‘मी इतक्या वेगाने जातच नाही’ हे उत्तर चालत नाही, कारण या श्रेणीमागे टायरची आतली बांधणी असते. रेडियलच्या जागी बायस टायरही (दुसऱ्या प्रकारच्या मांडणीचा, ज्यावर आरऐवजी आडवी रेघ किंवा बी असतं) बसवू नका. गाडीच्या कंपनीने तशी जोडी मान्य केली असेल तरच त्याचा विचार करावा.

रुंद टायरच्या मोहाबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचं आहे, कारण सगळ्यात जास्त हट्ट इथेच होतो. मागे १८० ला ५.५ इंचाची आणि १९० ला ६ इंचाची रिम हे नेहमीचं माप, १५० ला ४ इंच. चार इंचाच्या रिमवर १६० किंवा १७० कोंबला की रिम त्याच्या कडा आत ओढते, माथा टोकदार होतो आणि कडा वर उचलल्या जातात. गाडी झोपवल्यावर जे रबर जमिनीवर यायला हवं ते येतच नाही. मागून टायर भरदार दिसतो आणि वळणात पकड मात्र कमी झालेली असते.

रिम रुंद असली तरी रुंदी फुकट मिळत नाही. गाडी झोपते तेव्हा टायरचा जमिनीला टेकलेला भाग गाडीच्या मधल्या रेषेपासून वळणाच्या आतल्या बाजूला सरकतो. टायर जितका रुंद, तितका तो जास्त सरकतो, आणि तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी आणखी झोपवावी लागते. शिवाय दिशा बदलायला जोर जास्त लागतो. लहान स्पोर्ट्स बाइकचा चपळपणा हाच तिचा जीव आहे, रुंद टायर घालून तो मारू नका.

उंचीचाही हिशेब करा. १८०/५५ चा बाहेरचा व्यास साधारण ६३० मिलिमीटर येतो, १९०/५५ चा ६४१. म्हणजे गाडीची शेपटी साडेपाच मिलिमीटर वर, फोर्कचा कोन थोडा ताठ, वळायला गाडी उतावीळ. काहींना ते मुद्दाम हवं असतं आणि माहीत असून केलं तर हरकत नाही. पण एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी) दोन्ही चाकांच्या वेगाची तुलना करत असतात आणि ती तुलना मूळ मापावर बसवलेली असते. फक्त मागचं माप बदललं की त्यांच्या हिशेबात फरक पडतो. मी मूळ मापावरच राहते.

गाडीसोबत आलेलाच टायर परत घेणार असाल तर मॉडेलच्या नावापुढे एखादं जास्तीचं अक्षर आहे का ते बघा. कंपन्या काही गाड्यांसाठी त्याच नावाचा वेगळ्या बांधणीचा टायर बनवतात. जुन्याचा फोटो काढून ठेवा आणि अक्षर जुळवून घ्या.

पुढचा-मागचा एकाच मॉडेलचे ठेवा. दोघांची गोलाई एकमेकांना धरून आखलेली असते. मागचा संपला आणि पुढचा अर्धा शिल्लक असला, तर त्याच मॉडेलचा मागचा घेतला तरी चालेल. मॉडेल बदलायचं असेल तर जोडीने बदला.

टायर हातात आला की पैसे देण्याआधी डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा. हा आकडा बहुधा एकाच बाजूला असतो, तेव्हा टायर उलटून बघा. सावलीत नीट ठेवलेला वर्षभरापूर्वीचा टायर खुशाल घ्या. फार जुना मात्र नक्षी कोरी असली तरी नको, रबर बसल्या जागीही कडक होत जातं. ट्रॅकवरून उतरलेले, ‘अजून भरपूर आहे’ म्हणून मिळणारे टायरही मी घेत नाही. तापून-निवून कडक झालेलं रबर बाहेरून ओळखू येत नाही.

बसवताना शेजारी उभे राहा. साइडवॉलवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. पुढची आणि मागची नक्षी एकमेकींच्या उलट दिसली तर घाबरू नका, कित्येक टायरमध्ये ती तशीच असते. बाण सांगतो तेच खरं. पिवळा ठिपका असेल तर तो टायरची हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ येऊ द्या. रबरी व्हॉल्व्ह असेल तर नवा घाला, त्यात काटकसर करू नका. हवा भरल्यावर रिमच्या कडेलगतची बारीक रेघ चाकभर सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. ती कुठे रिमखाली बुडाली असेल तर टायर नीट बसलेला नाही. मग बॅलन्सिंग, चेनची रेषा, एक्सलचा टॉर्क (नट किती घट्ट आवळला ते). आणि गाडी हलवण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. चाक काढून बसवताना पिस्टन मागे गेलेले असतात, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

पहिले दीडशे किलोमीटर सबुरीने चालवा आणि झोपवण्याचा कोन हळूहळू वाढवा. नव्या टायरचा वरचा थर गुळगुळीत असतो आणि बांधणीही रुळायची असते. सँडपेपर मारू नका, आणि चकाकी आणणारा स्प्रे नक्षीजवळही आणू नका.

हवा थंड टायरमध्येच मोजा, स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरप्रमाणे. बऱ्याच लिटर बाइकवर पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या स्टिकरवरच वाचा. ट्रॅकवर कमी केलेली हवा घरी निघण्याआधी परत भरा. टायर बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पुन्हा एकदा गेज लावा. आकडा दोन-तीन पीएसआय उतरला असेल तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेने साबणाचं पाणी सोडा. कडेला बुडबुडे आले तर टायर उतरवून रिमची कड साफ करायला लावा आणि मगच गाडी बाहेर काढा.