फेरीबोटीच्या रॅम्पवर बाईक चढवताना

पावसाळ्यात गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीने बाईक नेत असाल तर एवढं नक्की करा. बोटीची लोखंडी फळी ओली असते, वर शेवाळ आणि आधीच्या गाड्यांच्या टायरचा चिखल, त्यामुळे तिथे ग्रिप जवळजवळ नसतेच. धक्क्यावरच पहिला गिअर टाका, हँडल सरळ करा आणि एकसारख्या हलक्या थ्रॉटलने वर जा, मध्येच क्लच दाबू नका, पुढचा ब्रेक तर अजिबात नाही. वळायचं ते बोटीत आत गेल्यावरच. मी एकदा फळीवरच हँडल वळवलं आणि गाडी अशी गेली की मागे बसलेल्या बायकोचा गुडघा सोलवटला, अजून वाईट वाटतं.

डिचोली, उसगाव भागात खाणीच्या ट्रकांची लाल माती असते, पहिल्या पावसात ती तेलासोबत अगदी साबणासारखी होते, तिथेही हेच करा आणि अंतर दुप्पट ठेवा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टीम) सक्तीचं आहे, पण ते चाक लॉक होऊ देत नाही इतकंच, गाडी वळणात कललेली असताना घसरली तर साधं एबीएस वाचवेलच असं नाही. आणि हो, गुळगुळीत झालेले टायर जून उजाडायच्या आधीच बदला.