फुकट आकाशदर्शनाला जायचंय? निघण्याआधी एवढं बघून घ्या

गावाबाहेरच्या गेस्टहाउसवर दुर्बिणीतून फुकट आकाश दाखवतात म्हणून लगेच गाडी काढू नका, आधी कॅलेंडर उघडून तिथी बघा, कारण पौर्णिमेच्या आसपास गेलात तर आकाशगंगेचा पट्टा विसराच, बारीक तारेपण दिसत नाहीत. तेजोमेघ (अवकाशातले वायू-धुळीचे ढग), दीर्घिका (आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह) बघायच्या तर अमावस्येच्या जवळची रात्र, आणि चंद्रच बघायचा असेल तर शुद्ध अष्टमीच्या आगेमागे जा, तेव्हा उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडतात. पूर्ण चंद्र नुसता भगभगीत दिसतो. फुकट असलं तरी नाव नोंदवा, येणं रद्द झालं तर कळवा, आणि निघताना एक फोन करा, ढगांचा काही भरवसा नाही.

आता मुख्य मुद्दा, उजेड. डोळे अंधाराला नीट सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि कुणीतरी मोबाइल उघडला की एका सेकंदात सगळ्यांची मेहनत वाया, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन पेपर रबरबँडने लावून आणा, लाल उजेडाने डोळ्यांना तितका फरक पडत नाही. आकाशाच्या नकाशाचं अॅप घरीच डाउनलोड करून त्याचा नाइट मोड लावून ठेवा. आणि गाडीचा आतला दिवा! दार उघडलं की तो लागतो, तो आधीच बंद करा, हा हमखास राहतो.

कपडे दोन थर जास्तच घ्या, एका जागी उभं राहून थंडी वाजते. डासांचं मलम आधी लावून हात धुवा आणि स्प्रे दुर्बिणीपासून लांब मारा, ते आयपीसला (जिथे डोळा लावून बघतो त्या भिंगाला) लागलं तर काच खराब होते. नुसता जवळचा-लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकस जुळवून मागता येतो, सिलिंड्रिकल जास्त असेल तर चष्मा राहू द्या. घरात ७×५० किंवा १०×५० बायनॉक्युलर पडून असेल तर नक्की आणा, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले गुरूचे चार चंद्र हात स्थिर ठेवलात तर त्यातही दिसतात.

मुलांना आधीच सांगून ठेवा की फोटोसारखे रंग दिसणार नाहीत. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका आयपीसमध्ये करडा धुरकट डाग दिसते, कारण अंधारात काम करणाऱ्या आपल्या डोळ्यांतल्या पेशींना रंग कळत नाहीत. थेट न बघता नजर जराशी बाजूला ठेवली की तोच डाग मोठा होतो, करून बघा. दुर्बिणीला मात्र हात लावायचा नाही, धक्का लागला की मागच्या रांगेला रिकामं आकाश.

लवकर परतायचं असेल तर गाडी बाहेर तोंड करून गेटजवळ लावा, आणि स्टार्ट करण्याआधी दुर्बिणीजवळच्या माणसाला सांगा, म्हणजे हेडलाइट लागायच्या आत सगळे डोळे मिटून घेतील.