जॅम फिजिक्सचा पेपर उलटा सोडवा

एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम ही परीक्षा देणाऱ्यांचा वेळ सेक्शन ए मध्येच संपतो आणि वर निगेटिव्हचा फटका बसतो तो वेगळाच.

१) आधी सेक्शन सी घ्या, २० न्यूमेरिकल, ३० मार्क, निगेटिव्ह शून्य.
२) मग ए चे ५० मार्क, इथे उत्तर चुकलं तर १ मार्काला १/३ आणि २ ला २/३ कापतात, म्हणून तुक्के नकोत.
३) बी शेवटी, कारण तिथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय टिक केले तरच २ मार्क, अर्धे मिळत नाहीत, पण निगेटिव्हही नाही त्यामुळे एकही रिकामा सोडू नका.

स्वतःचा कॅल्क्युलेटर चालत नाही, स्क्रीनवरचाच माउसने वापरायचा (वैताग आहे नुसता), तर सराव त्यावरच करा. आणि साइन-कॉस काढताना डिग्री का रेडियन ते आधी बघा.