आवाक्यातील मर्लो चाखताना : या चुका टाळा

मर्लो हे मूळचे फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातील काळे द्राक्ष; त्यापासून बनणाऱ्या रेड वाइनलाही मर्लोच म्हणतात. कॅबर्ने सॉव्हिन्याँ या दुसऱ्या काळ्या द्राक्षाच्या मानाने त्याचा तुरटपणा मवाळ असल्यामुळे रेड वाइन नव्याने घेणाऱ्यांना बहुधा मर्लोच सुचवली जाते. तरीही कोल्हापुरात ‘नुसती जळजळते’ किंवा ‘काही चवच नाही’ असे शेरे तिच्या वाट्याला येतात, आणि पुष्कळदा दोष वाइनचा नसून ती चाखण्याच्या पद्धतीचा असतो.

सर्वांत मोठी चूक तापमानाची. रेड वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी हा नियम थंड युरोपीय घरांतला. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील खोली दुपारी सहज तीस अंशांच्या वर जाते, आणि तेवढ्या उष्णतेत अल्कोहोलचा दर्प आधी नाकात शिरून फळाचा गंध त्याखाली दबतो. बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांपर्यंत आणावी. याउलट, रात्रभर गार झालेली बाटली लगेच ओतल्यास गंध मिटलेला राहतो आणि तुरटपणा बोचतो. विश्वास बसत नसेल तर एकाच बाटलीतील वाइन दोन ग्लासांत, एक गार आणि एक कोमट, शेजारी ठेवून पाहावी. दोन वेगळ्या बाटल्या आहेत असेच वाटेल.

दुसरी चूक जेवणाची वेळ साधण्याची. तांबड्या रश्श्याचा भुरका मारल्यावर वाइनचा घोट घेतला, की अल्कोहोल तिखटाची आग आणखी भडकवते आणि बिचारी मर्लो बदनाम होते. चाखायचे ते जेवणाआधी; सोबतच हवी असेल तर पांढरा रस्सा त्या मानाने बरा.

वर्णनात सर्वाधिक गोंधळ ‘गोड’ या शब्दाचा होतो. पिकलेल्या आलूबुखाराचा किंवा काळ्या चेरीचा वास आला, की साखर नसतानाही वाइन गोड वाटते. नाक चिमटीत धरून घोट घ्यावा. गोडी नाहीशी झाली तर ती गंधाची होती, जिभेवर राहिली तर साखरेची. तसेच आंबटपणा आणि तुरटपणा एकच समजू नयेत : आंबटाने तोंडाला पाणी सुटते, तर तुरटाने हिरड्या कच्चे जांभूळ खाल्ल्यासारख्या कोरड्या पडतात. लेबलवरील शब्द पाठ म्हणण्यापेक्षा ‘करवंदासारखा वास, मध्यम तुरट, शेवट आखूड (म्हणजे घोट गिळल्यावर चव लवकर ओसरते)’ एवढे नेमके लिहिलेले केव्हाही अधिक उपयोगी.

ढोबळी मिरचीचा वास म्हणजे वाइन बिघडली असे नव्हे. पुरती न पिकलेली द्राक्षे तसा वास देतात. चिलीतील मर्लोच्या बागांमध्ये कार्मेनेर ही वेगळी जात मिसळलेली असल्याचे १९९४ मध्ये लक्षात आले, आणि तिथल्या जुन्या ‘मर्लों’च्या हिरवट वासामागे तेही एक कारण होते. आगपेटीच्या विझलेल्या काडीचा वास ग्लास फिरवल्यावर बहुधा उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा मात्र जात नाही. तो बुचातून येणारा खरा दोष असतो, तेव्हा बाटली बदलून मागण्यास संकोच करू नये. ग्लासातील वाइनच्या कडेला तपकिरी झाक आणि व्हिनेगरचा वास असेल तर वाइन हवेने बिघडलेली असते. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली घेऊच नये, आणि स्वस्त मर्लो ‘मुरण्यासाठी’ वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्याचाही उपयोग नाही, कारण ती खरेदीनंतर वर्ष-दोन वर्षांत संपवण्यासाठीच बनवलेली असते.