बाबांची जुनी मोटरसायकल, चोराच्या हातून वाचवलेली

बाबांची 2003 सालची शंभर सीसी मोटरसायकल मी आजही रोज वापरतो. एकदा मंडईबाहेर माझ्या घराच्या कपाटाची किल्ली चुकून तिच्या लॉकमध्ये गेली, आणि फिरली! वीस वर्षांत आतल्या पत्त्या पार झिजल्या होत्या. त्या रात्री झोप लागली नाही. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे चोरी झाली तर एक रुपयाही मिळणार नव्हता.

आधी पूर्ण लॉकसेट बदलला, त्यामुळे हँडललॉकही पुन्हा घट्ट झाला. पण खरी गोष्ट आमच्या वायरमनकाकांनी दाखवली. अशा जुन्या गाड्यांत ठिणगीची वीज बॅटरीतून नाही, मॅग्नेटमधून, म्हणजे इंजिनसोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागातून येते. चावी बंद केली की सीडीआयची (ठिणगी पाडणाऱ्या छोट्या डबीची) एक वायर अर्थ होते, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडली जाते, म्हणून इंजिन थांबतं. लॉकचा सॉकेट उपटला, की ती वायर सुटते आणि गाडी किकवर सुरू! नव्या लॉकचा तिथे काही उपयोग नाही.

म्हणून काकांनी सीडीआयजवळच त्या वायरला फाटा काढून लपवलेल्या स्विचमधून बॉडीला अर्थ केला. स्विच दाबून ठेवला की कितीही किक मारा, ठिणगी पडत नाही. जोडाला सोल्डर आणि श्रिंक ट्यूब (गरम केली की आकसून घट्ट बसणारी नळी) नक्की लावून घ्या. पावसात तिथे पाणी गेलं तर गाडी भर रस्त्यात बंद पडेल.

गाडी उचलून टेम्पोत घातली तर स्विच काय करणार? त्यासाठी रात्री मागच्या चाकातून साखळी घालून ती जिन्याच्या लोखंडी कठड्याला बांधतो.