खुडूक कोंबडीखाली परकी पिल्लं सोडताना

पहिल्या वेळी मी भर दुपारी, मोठ्या हौसेने, सहा पिल्लं तांबडीच्या पुढ्यात सोडली. तिने एकाच्या डोक्यावर अशी टोच मारली की ते उताणंच पडलं. वाचलं ते, पण मान वाकडी करूनच वाढलं. चूक माझी होती. तांबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, नव्हतीच, नुसती खुराड्यात रेंगाळत होती.

म्हणून आधी कोंबडी नीट पारखा. खरी खुडूक कोंबडी हात जवळ नेला की फुगते, घरघरते. उचलून अंगणात ठेवली तरी थोड्या वेळात परत जागेवर. दिवसातून एकदा-दोनदाच उठते आणि तेव्हा टाकते ती शीट एवढी मोठी आणि घाण वासाची असते की दुसऱ्या खुणेची गरज पडत नाही. पोटाखाली हात घातला तर पिसं विरळ झालेली, कातडी तापलेली लागते. रात्री जी बाकीच्यांबरोबर दांडीवर जाऊन बसते, तिचा नाद सोडा.

अंडी उबायला 21 दिवस लागतात. पिल्लं बाहेरून आणायची असतील तर मी कोंबडीला निदान दोन आठवडे खोट्या अंड्यांवर बसू देते. चार दिवसांच्या खुडूकपणावर माझा भरवसा नाही.

पिल्लं एक-दोन दिवसांची हवीत. त्याहून मोठी झाली की कोंबडी राजी असली तरी पिल्लंच तिच्याखाली टिकत नाहीत. ज्या उबेची सवय लागली तीच शोधत फिरतात.

आता मुख्य काम, रात्रीचं. पूर्ण अंधार झाल्यावर जा. टॉर्चवर फडकं गुंडाळा, बोलू नका. पिल्लू आधी मुठीत गरम करा, गारठलेलं पिल्लू तिच्या पोटाला लागलं की ती दचकते. मागच्या बाजूने पंखाखाली हात घाला, एक अंडं काढा, एक पिल्लू सरकवा. दोन झाली की थांबा आणि ऐका. घशातल्या घशात बारीक ‘कुक्-कुक्’ सुरू झालं, की बाकीची सोडा. मध्यम अंगाच्या कोंबडीला दहा-बारा पुरेत, थंडीत त्याहून कमी.

खरी परीक्षा सकाळी. उजाडायच्या आत तिथे हजर राहा. हलकी टोच म्हणजे तंबी, ती चालते. डोक्यावर, डोळ्यांवर नेम धरून मारायला लागली तर सगळी पिल्लं लगेच काढून घ्या. त्यासाठी बल्बचं खोकं आदल्या संध्याकाळीच तयार ठेवते. पहिल्या आठवड्यात साधारण 35 अंश ऊब, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं एकमेकांवर चढली तर थंडी वाजतेय. कडेला पांगून चोच उघडून धापा टाकत असतील तर उकडतंय.

खाणं दोघांना एकच, स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम फार असतं, पिल्लांच्या मूत्रपिंडांना ते झेपत नाही. आई तेव्हा अंडी देत नाही, तिचं त्याविना अडत नाही. पाण्याचं भांडं उथळ, त्यात खडे. बुडून मेलेलं पिल्लू एकदा पाहिलंय, पुरे झालं. खालचा भुसा कोरडा ठेवा आणि शिटेत रक्त दिसलं तर वाट न बघता पशुवैद्याकडे जा.

खुडूक कोंबडीच नसेल तर ही घाई करू नका. पिल्लं वेगळी वाढवा, पिसं पूर्ण येऊ द्या, आठेक आठवड्यांनी कळपाशेजारी जाळीपलीकडे ठेवा. आठवडा-दोन आठवडे नुसती एकमेकांना बघू देत. मग जाळी काढा, पण खाण्यापाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी मांडा, आणि फक्त पिल्लंच शिरतील अशी एक फट राखा. वाकडमान्या त्या फटीतच मोठा झाला.