क्लबमध्ये पाहुणे म्हणून जाताय? कपड्यांच्या या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मामा कागलहून आले होते. रात्री मी त्यांना पुण्यातल्या एका जुन्या क्लबमध्ये जेवायला घेऊन गेले. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरीशुभ्र विजार आणि पायात मापाने करवून घेतलेल्या, चालताना कर्रकर्र वाजणाऱ्या कापशीच्या कोल्हापुरी चपला. आमच्या घोळक्यात सगळ्यात नीटनेटके तेच दिसत होते. डायनिंग हॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मात्र हात जोडले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "काका, मागे पट्टा असता तर सोडलं असतं." मामांनी एकदा चपलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "बाहेर बसू की. हवा चांगली आहे," एवढंच म्हणाले. आम्ही हिरवळीवर बसून जेवलो. मामा नेहमीपेक्षा कमी बोलले.

चूक माझी होती. सभासद मी, नियम मला ठाऊक, आणि निघताना एक शब्द सांगायचा राहून गेला. तेव्हापासून कुणालाही क्लबमध्ये बोलावलं की कपड्यांचं मी आधी बोलते. पाहुणे म्हणून जाणाऱ्यांनीही संकोच न करता विचारावं, असं माझं म्हणणं आहे. पाहुण्याची चूक शेवटी सभासदाच्याच नावावर जाते. काही क्लबांत त्याला समज देणारं पत्रही येतं.

चूक पहिली: सगळा क्लब एकच समजणं

बहुतेक घोटाळे इथेच होतात. नियम त्या त्या जागेचा आणि वेळेचा असतो. उघड्या हिरवळीवर दुपारी जी अर्धी चड्डी आणि टी-शर्ट चालतो, त्याच कपड्यांत संध्याकाळी सातनंतर बारमध्ये जाता येत नाही. पोहण्याच्या तलावाशेजारच्या कॅफेत स्लिपर चालतात, वीस पावलांवरच्या वाचनालयात चालत नाहीत. त्यामुळे "क्लबमध्ये जीन्स चालते का?" हा प्रश्नच अपुरा आहे. "आपण नेमके कुठे बसणार आहोत, आणि किती वाजता?" असं विचारा. बसायची जागा ऐनवेळी बदलू शकते, म्हणून तयारी जास्त कडक जागेची ठेवा.

पुरुषांसाठी कॉलरचा शर्ट, साधी पूर्ण लांबीची पँट आणि बंद बूट एवढं असलं की दहातल्या नऊ जागी अडत नाही. गोल गळ्याचा टी-शर्ट कितीही महागाचा असला तरी अडतो.

चूक दुसरी: पायांकडे दुर्लक्ष

दारावर नजर आधी पायांवर जाते. एम. एफ. हुसेन अनवाणी वावरत, हे साऱ्या देशाला ठाऊक होतं. तरी १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना त्याच कारणावरून आत घेतलं नाही. पंढरपूरला जन्मलेला एवढा मोठा चित्रकार आणि आडवे आले ते पाय.

बऱ्याच ठिकाणी पुरुषांच्या सँडलला टाचेमागे पट्टा लागतो. पट्टा असला की ती सँडल, नसला की चप्पल, असा हिशोब. या हिशोबाने आपली कोल्हापुरी बाद होते, आणि मला हे मनापासून पटत नाही. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, हाताने शिवलेली चामड्याची चप्पल घरगुती रबरी स्लिपरच्या रांगेत बसवणं चूक आहे. सभासदांनी वार्षिक सभेत हे बोलायला हवं. मी बोलले आहे, पुन्हा बोलेन. पण नियम बदलेपर्यंत पाहुण्याला दारात उभं करून ही लढाई लढायची नाही. मामांनी त्याच कारागिराकडून तसाच एक जोड मागे पट्टा लावून करून घेतलाय. तो छान दिसतो, आणि आता कुठेच अडत नाही.

बायकांच्या चपलांना सहसा ही अट नसते. त्यांची अडचण वेगळी, ती पुढे सांगते.

चूक तिसरी: आपला पोशाख चालणारच नाही असं धरून चालणं

उलटी चूकही होते. लग्नातला सूट भर मे महिन्यात चढवून घामाघूम झालेले पाहुणे मी पाहिले आहेत, आणि शेजारच्या टेबलावर कुर्ता-जाकीट घातलेले आजोबा निवांत जेवत असतात. आज बहुतेक क्लबांच्या नियमावलीत राष्ट्रीय पोशाखाला जागा आहे. बंदगळा तर औपचारिक मेजवानीलाही सुटाच्या बरोबरीने मानला जातो. मात्र कुर्त्याखाली जीन्स घातली की अनेक ठिकाणी तो राष्ट्रीय पोशाख राहत नाही. चुडीदार, सलवार किंवा पायजमा घाला, आणि पायात मोजडी किंवा पट्ट्याची सँडल.

धोतराचं आधी विचारून घ्या. जुलै २०१४ मध्ये चेन्नईत तमिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबने वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसलेल्या एका उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना आत सोडलं नाही. गदारोळ एवढा झाला की पुढच्याच महिन्यात विधानसभेने कायदा केला. वेष्टीसारख्या पारंपरिक पोशाखावरून अडवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. हा कायदा तमिळनाडूपुरता. २०१७ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबमध्ये जैनसेम हा मेघालयातला पारंपरिक पोशाख नेसलेल्या एका खासी बाईंना जेवणाच्या टेबलावरून उठून जायला सांगितलं गेलं. निमंत्रण होतं, पोशाख अंगभर होता. अशा वेळी दोष पोशाखाचा नसतो, हे ठासून सांगायलाच हवं.

साडी कुठेही चालते.

चूक चौथी: निमंत्रणातली ओळ अंदाजाने वाचणं

पत्रिकेच्या कोपऱ्यात पोशाखाची एक ओळ असते आणि तिथेच गोंधळ होतो. 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे घरच्यासारखं नव्हे. कॉलर, नीट पँट, बूट हवेतच, फक्त कोट-टाय नको. 'लाउंज सूट' म्हणजे टायसह साधा सूट. 'ब्लॅक टाय' वाचून कुणी ऑफिसच्या सुटावर काळा टाय लावून येतं. तिथे अपेक्षा डिनर जॅकेट (रेशमी कॉलरचा खास काळा कोट) आणि बो टायची असते. या जॅकेटला 'टक्सिडो' हे नाव न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कवरून पडलं. तिथला क्लब १८८६ चा, आणि आपला पूना क्लबही १८८६ चाच. तसं जॅकेट नसेल तर गडद बंदगळा घाला, उठून दिसतो.

हिरवळ, दव आणि टाचा

लग्नाचं रिसेप्शन, संगीत, डर्बीचा म्हणजे घोड्यांच्या मोठ्या शर्यतीचा दिवस, सगळं हिरवळीवर. पेन्सिल हील्स मातीत रुततात आणि दर पावलाला टाच उपटून काढावी लागते. पुण्यात घोड्यांच्या शर्यतींचा हंगामच पावसाळ्यात येतो, तेव्हा तर विचारूच नका. रुंद किंवा सलग टाचेचे सँडल घ्या. पैठणी नेसणार असाल तर ती जमिनीपासून बोटभर वर नेसा. डिसेंबरच्या रात्री गवतावर दव पडतं आणि जरीच्या काठाचा खालचा भाग तासाभरात ओला होऊन जड पडतो. साडीला फॉल लावलेला असलाच पाहिजे. थंडीचा अंदाजही बहुतेकांचा चुकतो. घरून निघताना गरम होत असतं आणि दहा वाजता उघड्या हिरवळीवर दात वाजतात. शाल बरोबर ठेवा.

फेब्रुवारीत मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर इंडियन डर्बी असते. तिथे हॅट, रंगीत फुलाफुलांचे कपडे, सगळं शोभतं, पण उन्हात चार-पाच तास काढायचे आहेत हे लक्षात ठेवून सुती किंवा लिनन निवडा.

खेळायला बोलावलं असेल तर

गोल्फला कॉलरचा टी-शर्ट, तोही खोचलेला. जीन्स आणि मोठ्या खिशांची कार्गो चालत नाही. बुटांना धातूचे खिळे नकोत, ग्रीनचं, म्हणजे भोकाभोवतीचं बारीक कापलेलं, गवत फाटतं. बॅडमिंटन आणि स्क्वॉशला फिकट रबरी तळव्याचे, लाकडी जमिनीवर डाग न पाडणारे बूट लागतात. धावण्याचे बूट घालून गेलात तर मार्कर (कोर्टावरचा क्लबचा माणूस) दारातूनच परत पाठवेल, आणि ते योग्यच आहे. टेनिसला काही क्लब अजून पांढऱ्याचा आग्रह धरतात. पांढरा जोड नसेल तर आधी विचारा.

तलावात सुती कपडे घालून उतरू नका. सुताचे धागे सुटून गाळणयंत्रात अडकतात, आणि ओलं सुती कापड अंगाला ओढतं. नायलॉन किंवा लायक्राचाच पोहण्याचा पोशाख हवा, लांब केसांवर टोपी हवी. अंग झाकायचं असेल तर त्याच कापडाचा पूर्ण बाह्यांचा, पायघोळ पोशाख मिळतो आणि बहुतेक ठिकाणी चालतो.

दारात अडवलंच तर

दारावरच्या माणसाशी वाद घालू नका. नियम त्याने केलेला नाही, आणि तुम्हाला सोडलं तर त्याचीच नोकरी अडचणीत येते. बाजूला होऊन यजमानाला फोन करा. "हिरवळीवर बसता येईल का?" असं विचारा, बहुतेक वेळा तिथेच मार्ग निघतो. काही क्लबांत टाय किंवा जॅकेट तात्पुरतं मिळतं. आम्ही गाडीच्या डिकीत एक पिशवीच ठेवली आहे: कॉलरचा एक धुवट शर्ट, मामांच्या मापाची पट्ट्याची सँडल, पाच-सहा सेफ्टी पिना आणि एक शाल. गेल्या दिवाळीत शेजारच्या मुलाला त्यातला शर्ट उपयोगी पडला. खांद्यांत सैल झाला, पण पोरगं पोटभर जेवलं.